जखमांचे व्रण आणि आपली नजर

(मनन-वाचन : यशया 52:13 ते 53:12, योहान 20:19-31)



आज पुनरुत्थान काळातील दुसरा रविवार, म्हणजेच दैवी दयेचा रविवार. उपासनेच्या तिन्ही वर्षांत या रविवारी एकच शुभवर्तमान वाचले जाते. त्यात बंद दाराआड घाबरून बसलेले शिष्य आहेत, शंका घेणारा थोमा आहे आणि प्रभूच्या जखमा आहेत. नऊच दिवसांपूर्वी, गुड फ्रायडेच्या उपासनेत, आपण यशया संदेष्ट्याचे वाचन ऐकले. त्यातला देवाचा सेवक इतका विद्रूप झालेला आहे की लोकांना त्याच्याकडे पाहवत नाही. ते तोंड फिरवतात. त्या दिवशी तोंड फिरवायला लावणाऱ्या जखमा आज प्रभू स्वतः पुढे करून दाखवतो.

या दोन वाचनांच्या मध्ये आपल्यासाठी एक प्रश्न आहे. अपघाताने, आगीने किंवा कुणाच्या क्रूरपणाने ज्याचे शरीर विद्रूप झाले आहे, त्याच्याकडे आपण कसे पाहतो? आणि ज्याच्याकडे पाहवत नाही असे एखादे चित्र किंवा छायाचित्र आपल्यासमोर आले, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे? डोळे मिटावेत, की बघत राहावे, की आणखी काही करावे? आजच्या पाठात आपण याचाच विचार करू.

प्रभूने जखमा झाकल्या नाहीत

मरणातून उठलेल्या प्रभूचे शरीर नवे, तेजोमय होते. बंद दारे त्याला अडवू शकत नव्हती. मग हातांतील खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतील भाल्याची जखम तेवढी का राहिली? ज्या पित्याने त्याला मरणातून उठवले, त्याला त्या खुणा पुसून टाकणे कठीण नव्हते.

शुभवर्तमानकार योहान येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. शिष्यांना शांती देऊन प्रभूने प्रथम आपले हात व आपली कूस दाखवली, आणि त्यानंतर शिष्यांना आनंद झाला. म्हणजे शिष्यांनी प्रभूला ओळखले ते त्याच्या जखमांवरून. थोमालाही प्रभूने आणखी एखादा चमत्कार करून दाखवला नाही. आपल्या जखमेपाशी बोलावले, एवढेच.

यावरून ख्रिस्तसभेने दोन गोष्टी शिकवल्या आहेत. पहिली ही की, दुःख कधी झालेच नव्हते असे पुनरुत्थान भासवत नाही. जे घडले ते खरे होते, व्रण त्याची साक्ष देतात. दुसरी ही की, व्रण राहिले तरी त्यांचा अर्थ बदलू शकतो. शुक्रवारी त्या जखमा पराभवाची आणि लाजेची खूण होत्या. रविवारी त्याच जखमा ओळखीची आणि शांतीची खूण झाल्या. जखम तीच, पण ती आता कोणाच्या हातात आहे, यावर तिचा अर्थ ठरतो.

हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्ष माणसाच्या जीवनात ते कसे घडते आणि त्याला किती वर्षे लागतात, हे पाहण्यासाठी आपण व्हिएतनाममधील एका मुलीची हकिगत घेऊ. तिचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पाहिले असेल.

रस्त्यावरची नऊ वर्षांची मुलगी

8 जून 1972. दक्षिण व्हिएतनाममध्ये, तेव्हाच्या सायगाव शहराच्या वायव्येस ट्रांग बांग नावाचे गाव आहे. गावात लढाई सुरू होती आणि काही कुटुंबांनी स्थानिक काओ दाई पंथाच्या मंदिरात आसरा घेतला होता. दक्षिण व्हिएतनामच्याच विमानाने चुकून आपल्याच लोकांवर नापामचे बॉम्ब टाकले. नापाम म्हणजे जेलीसारखे घट्ट केलेले पेट्रोल. ते पेटल्यावर अंगाला चिकटते आणि झटकले तरी सुटत नाही.

फान थी किम फुक त्या वेळी नऊ वर्षांची होती. तिच्या अंगावरचे कपडे पेटले. ते फेकून देऊन ती इतर मुलांबरोबर हमरस्त्यावरून धावत सुटली. खूप भाजतंय, खूप भाजतंय, असे ती ओरडत होती. तिची पाठ, मान आणि डावा हात खोलवर भाजला होता. तिची दोन लहान चुलत भावंडे त्या हल्ल्यात मरण पावली. रस्त्यावर उभ्या असलेल्या वार्ताहरांपैकी काहींनी तिला पाणी दिले, अंगावर पाणी ओतले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे तरुण छायाचित्रकार निक उट यांनी तिला व इतर जखमींना आपल्या गाडीत घालून कू ची येथील रुग्णालयात पोहोचवले.

धावणाऱ्या त्या मुलीचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभर गेले. पण तेही सहज घडले नाही. चित्रात लहान मुलगी विवस्त्र आहे, तेव्हा ते पाठवता येणार नाही, असे वृत्तसंस्थेच्या सायगाव कार्यालयात एका संपादकाचे मत होते. छायाचित्र विभागाचे प्रमुख होर्स्ट फास यांनी आग्रह धरला की युद्धात काय चालले आहे ते लोकांना दिसलेच पाहिजे, आणि चित्र गेले. 1973 साली निक उट यांच्या नावाने त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. (ते नेमके कोणी टिपले याविषयी अलीकडे वाद निघाला आहे. 2025 साली वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने छायाचित्रकाराच्या नावाची नोंद स्थगित केली. असोसिएटेड प्रेसने मात्र नाव कायम ठेवले. चित्रात जे दिसते ते खरे आहे, याविषयी वाद नाही.)

असे चित्र सत्ताधाऱ्यांना नकोसे असते. अमेरिकेचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी हे चित्र बनावट तर नसेल ना, अशी शंका आपल्या सहकाऱ्यापाशी बोलून दाखवली होती. ते संभाषण ध्वनिफितीवर आजही उपलब्ध आहे. दुसरीकडे, या एका चित्राने युद्ध थांबवले असेही पुष्कळदा म्हटले जाते. तेही खरे नाही. युद्ध त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे चालले आणि 30 एप्रिल 1975 रोजी संपले. चित्र तोफा बंद करू शकत नाही. आम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मात्र ते काढून घेते. चित्राची खरी शक्ती एवढीच आहे, आणि ती कमी नाही.

चित्र प्रसिद्ध झाले, मुलगी मागे राहिली

वर्तमानपत्राचे पान उलटले की वाचकाचे काम संपते. किमचे दुःख तेथून पुढे सुरू झाले. सायगावच्या रुग्णालयात ती जगणार नाही असे समजून तिला मृतांच्या खोलीत ठेवले होते आणि तेथे आईला ती सापडली, असे पुढे त्यांनी सांगितले आहे. रुग्णालयात ती 14 महिने होती. तिच्यावर एकंदर 17 शस्त्रक्रिया झाल्या. शेवटची तर पुढे कित्येक वर्षांनी जर्मनीत झाली.

खोल भाजल्यावर काय होते, हे आपणही समजून घेतले पाहिजे. कातडीबरोबर घामाच्या ग्रंथी जळून जातात, म्हणून त्या जागी घाम येत नाही आणि उन्हाळा सोसवत नाही. व्रणाची कातडी जाड होते, आखडते आणि ताणली जात नाही. मान वळत नाही, कोपर सरळ होत नाही. लहान मूल वाढते, पण त्याच्या व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. रोज दुखत असताना व्यायाम करावा लागतो. खाज आणि ठणका वर्षानुवर्षे राहतो. बाहेरून आपल्याला फक्त डाग दिसतो. आतले हे सारे दिसत नाही.

शरीराइतकेच मनही भाजले होते. किम फुक यांनी मोठेपणी अनेकदा सांगितले आहे की त्यांना ते छायाचित्र मुळीच आवडत नव्हते. आपण उघड्या आहोत, रडत आहोत, आणि सगळे जग आपल्याकडे पाहत आहे, याची त्यांना लाज वाटे. आपल्यावर कोणी प्रेम करणार नाही, आपले लग्न होणार नाही, असे त्यांना वाटत असे. डॉक्टर व्हावे म्हणून त्या शिकू लागल्या, तेव्हा नव्या सरकारने त्यांना शोधून काढले. परदेशी पत्रकारांसमोर त्यांना वारंवार उभे करण्यात येऊ लागले आणि त्यापायी शिक्षण सुटले. म्हणजे ज्या चित्राने जगाचे डोळे उघडले, तेच चित्र त्या मुलीसाठी दुसरा तुरुंग ठरले. आधी बॉम्बने तिचे शरीर घेतले, आणि मग इतरांनी तिची जखम वापरायला घेतली.

येथे आपण जरा थांबून आपल्याकडे पाहू. एखाद्याची जखम आपण आपल्या कामासाठी वापरतो, तेव्हा ते काम कितीही चांगले असले, तरी त्या माणसाला विचारल्याशिवाय ते करणे हा अन्याय आहे. मदतनिधीच्या पत्रकावर रुग्णाचा फोटो छापताना, सभेत एखाद्याची कहाणी सांगताना, आपण त्याची परवानगी घेतो का?

व्रण राहिले, अर्थ बदलला

1982 साली, अत्यंत निराश मनःस्थितीत, किम फुक सायगावच्या एका ग्रंथालयात धर्मांवरची पुस्तके चाळत होत्या. त्यांच्या हाती नवा करार आला. शुभवर्तमान वाचताना त्यांना भेटला तो एक जखमी प्रभू, ज्याची थट्टा झाली, ज्याला उघडे करून टांगले गेले आणि ज्याच्या अंगावर व्रण होते. आपले दुःख याला समजेल, असे त्यांना वाटले. त्याच वर्षी नाताळच्या वेळी एका लहानशा प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरात त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला.

म्हणून सर्व काही एका रात्रीत बरे झाले असे नाही. वेदना तशाच होत्या. मनात राग होता. ज्यांनी आपल्यावर ही वेळ आणली त्यांच्यासाठी प्रार्थना करा, ही प्रभूची आज्ञा त्यांना अशक्य वाटे. त्यांनी नावे घेऊन, थोडीथोडी करून, ती प्रार्थना करायला सुरुवात केली. क्षमा ही त्यांना सावकाश, प्रार्थनेच्या वाटेवर मिळाली. येथे आपल्यापैकी अनेकांची चूक होते. दुखावलेल्या माणसाला आपण पहिल्याच भेटीत क्षमा करण्याचा उपदेश करतो. जो भाजला नाही त्याने भाजलेल्याला घाई करू नये. क्षमा ही देवाची कृपा आहे. तिला तिचा वेळ लागतो. आणि क्षमा केली म्हणजे न्याय मागू नये, असाही अर्थ होत नाही.

1986 साली त्या शिकण्यासाठी क्युबाला गेल्या. 1992 साली तेथेच शिकणाऱ्या एका व्हिएतनामी तरुणाशी त्यांचे लग्न झाले. मॉस्कोतील मधुचंद्राहून परतताना विमान इंधन भरण्यासाठी कॅनडातील गॅंडर येथे थांबले, तेव्हा दोघेही विमानातून उतरले आणि त्यांनी कॅनडात आश्रय मागितला. आपल्यावर कोणी प्रेम करणार नाही, असे ज्या मुलीला वाटत होते ती दोन मुलांची आई झाली.

1996 साली, 11 नोव्हेंबरला, वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्ध स्मारकापाशी माजी सैनिकांसमोर किम फुक बोलल्या. बॉम्ब टाकणारा वैमानिक समोर भेटला तर आपण त्याला काय सांगू, हे त्यांनी त्या वेळी सांगितले. झालेला इतिहास आपल्याला बदलता येणार नाही, पण आज आणि उद्या शांतीसाठी चांगले काम करता येईल, असा त्याचा आशय होता. 1997 साली त्यांनी युद्धात जखमी झालेल्या मुलांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. ज्या छायाचित्राचा त्यांना तिटकारा होता, तेच आता त्या स्वतः हातात घेऊन जगभर दाखवू लागल्या. 11 मे 2022 रोजी, निक उट यांच्यासह, त्यांनी रोममधील संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस यांची भेट घेतली आणि त्या छायाचित्राची प्रत त्यांना दिली. त्याच वर्षी जुलै महिन्यात युक्रेनमधील दोनशेहून अधिक निर्वासितांना पोलंडहून कॅनडाला नेणाऱ्या विमानात त्या होत्या. त्या विमानावर बाहेरून तेच छायाचित्र रंगवलेले होते.

व्रण मात्र गेले नाहीत. 2015 पासून अमेरिकेत मायामी येथे त्यांच्यावर लेझरचे उपचार झाले आणि 2022 साली ते पूर्ण झाले. पन्नास वर्षांनंतर त्यांनी लिहिले की, आपण आता ती ‘नापाम गर्ल’ राहिलेलो नाही. आपण मैत्रीण आहोत, आई आहोत, आजी आहोत. चित्रातला क्षण खरा आहे, पण माणूस त्या क्षणापेक्षा मोठा आहे. आजच्या पाठात एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

पूर्वजांनी दिलेला धडा : इसेनहाईमची वेदी

कठीण चित्रांचे काय करायचे, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. आजच्या फ्रान्समधील आल्सास प्रांतात इसेनहाईम नावाच्या गावी संत अंतोनी यांच्या नावाने चालणाऱ्या संन्याशांचा मठ होता. राय या धान्यावर पडणाऱ्या बुरशीमुळे त्या काळी एक भयंकर रोग होत असे. त्यात अंगाची आग होई, कातडी काळी पडे आणि हातपाय झडत. लोक त्याला ‘संत अंतोनीची आग’ म्हणत. हे संन्यासी अशा रोग्यांची शुश्रूषा करीत.

1512 ते 1516 या काळात चित्रकार माथियास ग्रुनेवाल्ड याने त्या मठासाठी एक मोठी वेदी रंगवली. तिच्यावरील क्रुसावरचा ख्रिस्त पाहून आजही अंगावर काटा येतो. त्याची सारी कातडी फोडांनी आणि काट्यांनी भरलेली आहे. बोटे वेदनेने वाकडी झाली आहेत. रोग्यांना उपचार सुरू होण्याआधी या वेदीसमोर आणत. ज्यांना पाहून गावाने तोंड फिरवले होते, त्यांना तेथे आपल्यासारखेच शरीर असलेला देव दिसे. तू एकटा नाहीस, एवढे ते चित्र त्यांना सांगत असे.

पण ती वेदी दारांसारखी उघडते. सणाच्या दिवशी क्रुसाची फळी दोन्ही बाजूंना उघडली की आत पुनरुत्थित प्रभूचे चित्र दिसे. त्याची कातडी नितळ, तेजस्वी आहे, पण हातापायांच्या आणि कुशीच्या जखमा राहिल्या आहेत, आणि त्यांतून प्रकाश येतो आहे. ही वेदी आज कोलमार येथील संग्रहालयात आहे. आपल्या गुड फ्रायडेचा आणि आजच्या रविवारचा संबंध पाचशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने रोग्यांसाठी असा दाखवला होता.

वेरोनिकाची रीत

तर मग पाहवत नाही असे चित्र समोर आले की काय करावे? माणसे साधारणपणे तीन प्रकारे वागतात.

पहिला प्रकार तोंड फिरवण्याचा. 2016 साली फेसबुकने किम फुक यांचे हेच छायाचित्र नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकले. नॉर्वेमधील एका लेखकाने, मग तेथील एका मोठ्या वृत्तपत्राने आणि पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनीही त्याला विरोध केला, तेव्हा ते पुन्हा दिसू लागले. मुलांचे रक्षण करणारा नियम चांगलाच आहे. पण मुलांवर झालेला अत्याचारच नजरेआड झाला, तर त्या नियमाचा हेतू हरवतो.

दुसरा प्रकार टक लावून पाहण्याचा. हा आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. हायवेवर अपघात झाला की मदतीला हात पुढे येण्याआधी मोबाइल पुढे येतात. जखमी माणूस रुग्णालयात पोहोचायच्या आत त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर चार गावांत पोहोचलेला असतो. खाली हात जोडल्याचे चिन्ह टाकले की आपले कर्तव्य झाले असे आपल्याला वाटते. त्याच्या घरच्यांना बातमी कशी कळली, याचा विचार कोणी करत नाही.

तिसरा प्रकार आपल्याला क्रुसाच्या वाटेतील सहावे स्थान शिकवते. वेरोनिकाची कथा शुभवर्तमानात नाही. ख्रिस्तसभेच्या परंपरेने ती जपली आहे. तो रक्ताने माखलेला चेहरा सगळ्या गर्दीने पाहिला. वेरोनिका पुढे गेली आणि तिने तो पुसला. प्रभूच्या मुखाची प्रतिमा मिळाली ती तिच्या वस्त्रावर. पाहणे तिच्या हातांपर्यंत उतरले, म्हणून ते पाहणे पवित्र झाले.

यावरून एक साधी कसोटी आपण लावू शकतो. एखादे कठीण छायाचित्र हाती आले, तर ते पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. यातील माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी याला संमती दिली असती का? हे पाहून कोणी मदतीला उठेल, की फक्त चुकचुकेल? आणि मी स्वतः यासाठी काय करणार आहे? तिन्हींची समाधानकारक उत्तरे नसतील, तर ते चित्र आपल्या मोबाइलमध्येच थांबावे, आणि त्या माणसासाठी एक प्रार्थना व्हावी.

आपल्या शेजारी

किम फुक दूर देशी राहतात. पण स्टोव्हच्या भडक्याने भाजलेली, गरम तेलाने पोळलेली, यंत्रात हात सापडलेली, ॲसिड हल्ल्याला तोंड दिलेली माणसे आपल्याही राज्यात आहेत. कदाचित आपल्याच आळीत आहेत. त्यांपैकी काही जण मिस्सेला येत नाहीत, किंवा मागच्या बाकावर बसून शेवटच्या गीताआधी निघून जातात. असे का होत असेल, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

आपल्या तोंडून सहज निघणारे शब्द आठवा. “अगं बाई, काय हे नशीब!” “आता हिचं लग्न कसं व्हायचं?” “कुणाचं पाप भोगते आहे कोण जाणे!” हा शेवटचा प्रश्न शिष्यांनीही जन्मांध माणसाविषयी विचारला होता (योहान 9), आणि पाप ना त्याचे ना त्याच्या आईबापांचे, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. ख्रिस्ती घरात हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ नये.

मग काय करावे? पाहताना डोळ्यांत पाहावे, व्रणाकडे नव्हे. कसे झाले, हे आपण होऊन विचारू नये. सांगावेसे वाटले तर ऐकावे. लहान मूल बोट दाखवून काही विचारू लागले तर त्याला ओढून नेऊ नये, नाहीतर ते भीती शिकते. ताईला लागलं होतं, आता ती बरी आहे, असे सांगून त्याला नमस्कार करायला लावावे. वाचन, गायनमंडळ, बालधर्मशिक्षण, सणाची तयारी, यांत त्यांना त्यांच्या गुणांसाठी बोलवावे, दया म्हणून नव्हे. नोव्हेंबर 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ज्याचा चेहरा व मान गाठींनी भरून गेली होती अशा एका माणसाला संत पेत्राच्या चौकात छातीशी धरले. ते काही बोलले नाहीत. त्या स्पर्शात उपदेशापेक्षा अधिक काही होते.

काही व्यवहाराच्या गोष्टीही माहीत असाव्यात. कोणी भाजले तर भाजलेल्या जागेवर नळाचे साधे वाहते पाणी 20 मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे. ॲसिड पडले तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहावे. ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी तसेच खाजगी रुग्णालयांनी मोफत उपचार करायचे आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांचा समावेश आहे, आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी 2013 पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. तिची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळते. हल्ला करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 124 खाली किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. अन्याय सोसत राहा, असे सांगणे ही ख्रिस्ती सहनशीलता नव्हे. पोलिस ठाण्यात व न्यायालयात पीडितेबरोबर जाणे हीसुद्धा क्रुसाची वाटच आहे.

चर्चेसाठी प्रश्न (कुटुंबात किंवा समूहाच्या बैठकीत)

1. पुनरुत्थित प्रभूने आपल्या जखमा शिष्यांना का दाखवल्या, असे आपल्याला वाटते?

2. आपल्या धर्मग्रामात अशी कोणी व्यक्ती आहे का, जी व्रणांमुळे लोकांत यायला कचरते? नाव न घेता बोला. तिला बोलावण्यासाठी आपण काय करू शकतो?

3. गेल्या महिन्यात आपल्या मोबाइलवर आलेल्या एखाद्या अपघाताच्या किंवा दंगलीच्या फोटोचे आपण काय केले?

4. आपल्या मनाचा एखादा व्रण आपण अजून प्रभूला दाखवलेला नाही का?

या आठवड्याचा संकल्प : कोणत्याही जखमी माणसाचा फोटो पुढे पाठवणार नाही, आणि एका तरी आजारी किंवा जखमी व्यक्तीच्या घरी जाऊन बसेन, घाईत नव्हे, चहा घेऊन.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या तेजस्वी शरीरावर तू आमच्यासाठी जखमा ठेवल्यास. ज्यांची शरीरे आगीने, हल्ल्याने किंवा अपघाताने बदलून गेली आहेत, त्यांना तुझ्या जखमांपाशी आसरा दे. आरशात पाहताना त्यांना तुझे प्रेम आठवू दे. त्यांना पाहून तोंड फिरवणाऱ्या आमच्या नजरेला तू क्षमा कर, आणि वेरोनिकेचे धैर्य आम्हाला दे. आमेन.